मास्तर टिकला तर शाळा टिकते : जोयडा तालुका आणि शिक्षणधोरणाची दीडशे वर्षे



साहित्याच्या व्याख्यानमालेत कोणी शाळामास्तरांचे पगार, बदल्या आणि पटसंख्या यांवर बोलू लागला, तर श्रोत्यांना ते थोडे विचित्र वाटणे साहजिक आहे. पण आपण सारे आज मराठी वाचणारी-लिहिणारी माणसे म्हणून इथे जमलो आहोत, त्याचे कारण शोधत मागे गेलो तर बहुतेक घरांत एकच गोष्ट सापडते. आजोबांच्या किंवा पणजोबांच्या काळात गावात कोणी एक मास्तर आला आणि चार पावसाळे तिथे राहिला. आपल्या रानमुलखात अक्षर आले ते ग्रंथालयातून किंवा छापखान्यातून नव्हे, देवळाच्या मंडपात नाहीतर कोणाच्या तरी पडवीत भरणाऱ्या शाळेतून. म्हणून सरकारी शिक्षणधोरणाचा इतिहास मी आज एकाच प्रश्नाच्या अंगाने मांडणार आहे. त्या त्या धोरणामुळे मास्तर गावात टिकला का?

हा प्रश्न शहरात कोणी विचारणार नाही. आपल्याकडे तो पहिला आहे. जोयडा तालुका, म्हणजे पूर्वीचा सुपा पेटा, उत्तर कन्नड जिल्ह्यात विस्ताराने फार मोठा आणि वस्तीने फार विरळ. २०११च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या सुमारे ५२ हजार भरली. एवढी माणसे शहरातल्या दोन-चार प्रभागांत मावतात. इथे ती काळी नदीच्या दोन्ही अंगांना, घाटमाथ्यावर, गोव्याच्या हद्दीपासून हल्याळच्या हद्दीपर्यंत विखुरलेली आहेत. गाव म्हणजे चार-पाच वाडे, एका वाड्यात दहा-वीस घरे, आणि दोन वाड्यांमध्ये रान. मृगाचा पाऊस धरला की वाटेवरचे ओहोळ भरतात आणि शेजारचा वाडाही लांबचा होतो. अशा मुलखात शाळा म्हणजे एक मास्तर आणि चार इयत्ता. तो रजेवर गेला की शाळा रजेवर. त्याची बदली झाली आणि जागी कोणी आले नाही, तर शाळा कागदावर राहते आणि मुले गुरांमागे जातात.

आता थोडे मागे जाऊ. १७९९ साली टिपूच्या पाडावानंतर कानडा मुलूख इंग्रजांकडे आला आणि मद्रास इलाख्यात मोडू लागला. १८६२ साली त्याचा उत्तर भाग मुंबई इलाख्याला जोडला गेला. या एका फेरफाराने आपल्या शाळांचे भवितव्य बरेचसे ठरले. मुंबई इलाख्यात वुडच्या १८५४च्या खलित्यानंतर, १८५५ साली, स्वतंत्र शिक्षणखाते उभे राहिले होते. खेड्यापाड्यांत सरकारने स्वतःच्या देशी भाषांच्या शाळा काढाव्यात, हा त्या खात्याचा कल होता. बंगालमध्ये गावच्या जुन्या पाठशाळांना अनुदान देऊन काम भागवले जाई. मुंबई खाते आपली क्रमिक पुस्तके, आपले मास्तर आणि आपले तपासनीस पाठवी. कारवार, हल्याळ आणि सुपे या पट्ट्यात मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषांच्या सरकारी शाळा झाल्या, त्या या व्यवस्थेत.

पैसा कुठून आला, हेही पाहिले पाहिजे. १८६०च्या दशकात मुंबई सरकारने शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकलफंड बसवला आणि १८६९च्या कायद्याने तो पक्का केला. त्यातला एक तृतीयांश शाळांसाठी आणि उरलेला मुख्यतः रस्त्यांसाठी. कल्पना चांगली होती. रयतेकडून घेतलेला पैसा रयतेच्या मुलांवर खर्च होणार होता. पण आपल्या मुलखाचा हिशेब मांडून पाहा. जिथे जमीन रानाखाली, भातशेती दरीतल्या पट्ट्यांपुरती, आणि कुमरीवर सरकारचीच बंधने, तिथे सारा तो किती येणार, आणि त्याच्या सोळाव्या हिश्श्याच्या तिसऱ्या हिश्श्यात शाळा किती निघणार? सपाटीवरच्या काळ्या मातीच्या तालुक्याला जे धोरण भरघोस वाटले, ते रानातल्या पेट्याला तुटपुंजे पडणार, हे त्याच्या गणितातच होते. शिवाय शाळा अंतराप्रमाणे लागतात, साऱ्याप्रमाणे नाहीत. दहा मैलांच्या परिसरात पाच वाडे असले तर पाच मास्तर हवेत, मग त्या वाड्यांचा सारा कितीही असो.

या व्यवस्थेवर सर्वांत नेमके बोट ठेवले ते महात्मा जोतीराव फुल्यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले, त्याची आठवण आपण बहुधा सक्तीच्या शिक्षणाच्या मागणीसाठी काढतो. ती त्यांनी केलीच. किमान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करा, असे ते म्हणाले. शेतकऱ्याच्या लोकलफंडातून त्याच्याच मुलांसाठी पुरेसा खर्च होत नाही, ही तक्रारही त्यांनी मांडली. पण त्या निवेदनाचा मास्तरांविषयीचा भाग मला आपल्या दृष्टीने अधिक मोलाचा वाटतो. प्राथमिक शाळेचा मास्तर शिकवण्याचे रीतसर प्रशिक्षण घेतलेला हवा. तो शेतकऱ्यांमध्ये मिसळणारा, नांगराला हात लावायची लाज न वाटणारा हवा. आणि त्याला महिना बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, मोठ्या गावी पंधरा ते वीस असावा, असे त्यांनी आकडे घालून सांगितले. गावचे हिशेब तपासणे, टपालाचे काम, स्टँपविक्री अशी कामे मास्तराकडे दिली तर त्याचे उत्पन्न वाढेल आणि गावात त्याचे वजनही वाढेल, ही सूचनाही त्यांचीच.

या सूचनेत फुल्यांचा व्यवहारी डोळा दिसतो. लोक मुलांना शाळेत का पाठवत नाहीत, तर दारिद्र्यामुळे, मुले गुरे राखायला लागतात म्हणून, हे त्यांनी सांगितलेच. पण त्याबरोबर मास्तर परका राहिला तर शाळाही परकी राहते, हे त्यांनी ओळखले होते. आपल्या मुलखात कुणब्यांच्या वाड्यावर कोकणी, गवळ्यांच्या वस्तीवर त्यांची स्वतःची मराठी, आणि पुस्तकात पुण्याची किंवा धारवाडची भाषा. मुलाला घरच्या भाषेतून पुस्तकाच्या भाषेत नेऊन सोडणारा एकच माणूस असतो. तो मुलाची बोली समजणारा नसेल, तर पहिलीतच मूल गप्प होते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सक्तीच्या शिक्षणाची चळवळ उभी राहिली. संस्थानांत बडोद्याच्या सयाजीरावांनी १९०६ साली सर्व राज्यात ते लागू केले. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१७ साली त्या दिशेने पाऊल टाकले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली केंद्रीय विधिमंडळात विधेयक आणले आणि पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. मग १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई प्रांतात कायदा झाला, पण तो नगरपालिकांपुरता. सुप्यासारख्या पेट्याला त्याचा उपयोग नव्हता. १९२३च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने खेड्यांतल्या शाळा जिल्हा लोकल बोर्डांच्या हाती दिल्या. आपल्यातली वडीलधारी मंडळी अजूनही ‘बोर्डाची शाळा’ म्हणतात, तो शब्द तिथला.

बोर्डाच्या काळातला मास्तर कसा घडे, हे त्या परंपरेतून आलेल्यांना सांगायला नको. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झाला की तो मास्तर किंवा तलाठी व्हायला लायक. जमल्यास ट्रेनिंग कॉलेजात जाऊन ‘ट्रेंड’ व्हायचे आणि पगाराची पायरी चढायची. वर्षातून एकदा दिपोटी येणार म्हणून शाळा सारवायची, आणि दिपोटीने शेरेबुकात काय लिहिले यावर मास्तराची झोप अवलंबून. दिपोटीच्या पाहणीत दोन गोष्टी मोजल्या जात, हजेरी आणि परीक्षेचा निकाल. मास्तर कुठे झोपतो, त्याला जेवण कोण देते, आजारी पडला तर त्याला कोण पाहते, या रकान्यांना शेरेबुकात जागा नव्हती. ते रकाने गावाने भरले. कोणी खोली दिली, कोणी सुगीत भात दिला. आपल्या घराण्यांच्या आठवणींत ‘मास्तर आमच्याकडे राहत’ हे वाक्य अभिमानाने येते. ते सरकारी धोरणातली उणीव गावाने भरून काढल्याची नोंदही आहे.

१९२९ साली हार्टोग समितीचा अहवाल आला आणि एका जुन्या वादाला तोंड फुटले. समितीचे म्हणणे असे की, शाळा भराभर वाढल्या, पण पहिलीत आलेली मुले चौथीपर्यंत पोचत नाहीत, पैसा वाया जातो. एकशिक्षकी शाळा दुबळ्या आहेत. म्हणून पसारा आवरा, आहे ते सुधारा. या मताला आकडेवारीनिशी विरोध केला तो रा. वि. परुळेकर यांनी. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, जिथे बहुसंख्य मुलांनी शाळेचे तोंड पाहिलेले नाही, तिथे दर्जाच्या नावाखाली विस्तार थांबवणे म्हणजे त्या मुलांना कायमचे बाहेर ठेवणे होय. हा वाद आज शंभर वर्षांनीही मिटलेला नाही. छोट्या शाळा एकत्र कराव्यात की चालू ठेवाव्यात, हा आजचा प्रश्न त्याच वादाची पुढची फेरी आहे.

परुळेकरांच्या विचाराला पुढे नेणारा माणूस आपल्या दृष्टीने फार जवळचा आहे. जे. पी. नाईक हे मूळचे कोल्हापूरकडच्या बहिरेवाडीचे, जन्म ५ सप्टेंबर १९०७. स्वातंत्र्यचळवळीत ते तुरुंगात गेले आणि बाहेर आल्यावर धारवाड जिल्ह्यातल्या उप्पिन बेटगेरी या खेड्यात जाऊन राहिले. मराठी माणूस, कानडी शिकला, कानडी खेड्यात शिक्षणाचे आणि ग्रामसुधारणेचे काम केले. पुढे देशाच्या शिक्षणधोरणात त्यांचा शब्द मोठा झाला. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. या माणसाने एकशिक्षकी शाळेवर स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे. विरळ वस्तीच्या देशात एकशिक्षकी शाळा राहणारच. तिला कमीपणाची मानून दुर्लक्ष करण्यापेक्षा चार इयत्ता एकदम शिकवण्याची पद्धत मास्तराला नीट शिकवावी, ही त्यांच्या विचाराची दिशा होती. शहरात बसलेल्या धोरणकर्त्याला हे सुचणे अवघड. खेड्यात राहिलेल्याला ते दिसले. कोठारी आयोगाच्या अहवालातही ग्रामीण शिक्षकांना राहायला घर, खेड्यात काम करणाऱ्या शिक्षिकांना खास भत्ता, आणि मोठ्या शाळेभोवती छोट्या शाळांचा समूह, या शिफारशी आल्या. मास्तर टिकण्याचा प्रश्न धोरणाच्या कागदावर इतका स्पष्ट क्वचितच उतरला होता. घरांची शिफारस मात्र बहुतांश कागदावरच राहिली.

आता १ नोव्हेंबर १९५६कडे वळू. राज्यपुनर्रचनेत कारवार जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. सीमाप्रश्नाची चर्चा मी इथे करणार नाही. ती आपण सर्वांनी आयुष्यभर ऐकली आहे. मला त्यातला शाळेपुरता भाग सांगायचा आहे. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्यांनी करावी, असे ते सांगते. ‘पुरेशी’ म्हणजे किती, याचे माप आधीच ठरले होते. १९४९च्या ऑगस्टमध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरवले की, एखाद्या शाळेत त्या भाषेची ४० मुले, किंवा एका वर्गात १० मुले असतील, तर त्यांच्यासाठी किमान एक शिक्षक नेमावा.

हा नियम न्याय्य बुद्धीने केलेला होता आणि निपाणी, बेळगाव, खानापूर अशा दाट वस्तीच्या भागात तो उपयोगी पडण्यासारखा होता. पण वीस घरांच्या वाड्याला लावून पाहा. घरटी एक-दोन मुले प्राथमिक वयाची धरली तरी वीस-तीसच्या पुढे आकडा जात नाही. त्यांतही काहींच्या घरची भाषा कोकणी, काहींची मराठी, काहींची कानडी. म्हणजे आपला वाडा नियमात बसायचा तर त्याने आधी गाव व्हायला हवे. लोकलफंडाने आपल्याला साऱ्यावर मोजले होते. या नियमाने डोक्यांवर मोजले. दोन्ही वेळा रानातले अंतर हिशेबाबाहेर राहिले. मराठी शाळा जिथे टिकल्या, तिथे आधी वस्ती जमली होती, आणि मग शिकवायला माणूस मिळत राहिला. जिथे मराठी शिकवणारा निवृत्त झाला आणि जागा भरली गेली नाही, तिथे भांडण न होताच शाळेचे माध्यम बदलले किंवा शाळा मिटली.

पुढचा घाव पाण्याचा. काळी नदीवर धरण झाले आणि सुपे गाव, त्याची पेठ, त्याचे रस्ते पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले, विस्थापित कुटुंबे रामनगरला आणि इतरत्र गेली. गाव उठले की शाळेला नवी इमारत मिळू शकते. पण मास्तराला खोली देणारे घर, भात देणारे शेत आणि त्याला नावाने ओळखणारी तीन पिढ्यांची ओळख यांची भरपाई कुठल्याही तक्त्यात नसते. नंतर व्याघ्रप्रकल्प आला. रानातली काही कुटुंबे बाहेर पडली, आणि मागे राहिलेल्या वाड्यांचा पट आणखी घटला.

या काळात सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८६च्या राष्ट्रीय धोरणानंतर १९८७ साली खडू-फळा मोहीम निघाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक, हे तिचे उद्दिष्ट. एकशिक्षकी शाळेच्या दुखण्यावर सरकारने घातलेले ते पहिले मोठे औषध. कर्नाटकात १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात, म्हणजे आपल्यासारख्याच रानाच्या कडेच्या भागात, ‘नलि-कलि’ ही पद्धत सुरू झाली. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीचे काम पाहून आलेल्या सरकारी शाळांच्या शिक्षकांनीच ती उभी केली. वेगवेगळ्या इयत्तांची मुले एका खोलीत गटांत बसतात, कार्डांच्या आधारे आपापल्या गतीने पुढे जातात, शिक्षक गटागटांत फिरतो. २००९-१०पासून ती राज्यभर पहिली ते तिसरीला लागू झाली. नाईकांनी ज्याची गरज सांगितली होती, ते चार इयत्तांच्या मास्तराचे साधन अखेर मास्तरांच्याच हातून घडले. २००२ साली सुरू झालेल्या अक्षर दासोह योजनेने शाळेत गरम जेवण आणले. उळवीच्या जत्रेमुळे दासोह हा शब्द आपल्याला परका नव्हताच. रानातल्या मुलाला दुपारपर्यंत शाळेत बसवायला या ताटाचा मोठा उपयोग झाला.

मग २००९चा शिक्षणहक्क कायदा. १ एप्रिल २०१०पासून तो अमलात आला. साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक, असे तो सांगतो. पण जागा मंजूर होणे वेगळे आणि माणूस येऊन राहणे वेगळे. कर्नाटकाने २००७ साली शिक्षकांच्या बदल्यांचा कायदा केला, शाळांची ए, बी, सी अशी विभागणी केली, तीही दूरच्या शाळा रिकाम्या पडतात हे ओळखूनच. कायद्याने मास्तर ठरावीक वर्षे इथे थांबतो हे खरे. पण त्याचे बिऱ्हाड दांडेलीला किंवा हल्याळला आणि तो रोज मोटारसायकलवरून ये-जा करणारा असेल, तर पावसाळ्यातल्या दिवसांचा हिशेब आपणच करावा. त्याला दोष देऊन चालणार नाही. त्याच्या मुलांना शाळा हवी, बायकोला दवाखाना हवा, फोनला रेंज हवी. जे आपण आपल्या मुलांसाठी मागतो, तेच तो मागतो.

छोट्या शाळा मोठ्या शाळेत मिळवाव्यात, या मताचीही एक बाजू आहे, ती मान्य केली पाहिजे. सहा मुलांच्या शाळेत खेळायला दुसरा गट नसतो, वादाला जोडीदार नसतो. वाहन वेळेवर येत असेल आणि रस्ता पावसात टिकत असेल, तर पाचवीच्या पुढच्या मुलाला मोठ्या शाळेचा फायदाच आहे. पण सहा वर्षांच्या मुलीला रानातून चार किलोमीटर कोण पाठवील? तिची शाळा वाड्यावरच हवी, आणि तिथला मास्तर तिची बोली समजणारा हवा.

दीडशे वर्षांचा हा हिशेब पाहता धोरणांकडून आपण नेमके काय मागावे, हे मला तीन गोष्टींत सांगता येते. पहिली, रानातल्या शाळेचे माप पटावर न ठेवता अंतरावर ठेवावे. दुसरी, शाळेच्या खोलीबरोबर मास्तराच्या राहण्याची खोली बांधावी. कोठारी आयोगाची ती जुनी शिफारस आहे, नवी मागणी नव्हे. तिसरी, या तालुक्यातल्या कुणबी, गवळी, मराठा, सर्व समाजांच्या मुलामुलींना शिक्षक होण्यासाठी आधार द्यावा. इथला माणूस इथे राहतो, आणि कोकणी, मराठी, कानडी या तीन भाषांत वावरण्याची सवय त्याला घरातच लागलेली असते. फुल्यांनी १८८२ साली मागितलेला मास्तर असाच होता.

सरकारकडे मागण्यासारखे हे. आपल्या हाती असलेले एक कामही सुचवतो. प्रत्येक जुन्या शाळेत जनरल रजिस्टर असते. त्यात मुलांची नावे आणि जन्मतारखा असतात, आणि आपण दाखल्यासाठी तीच पाहतो. त्या शाळेत कोण मास्तर किती वर्षे राहिला, कुठून आला, कोणाच्या घरी उतरला, याची एकत्र यादी सहसा कोणी केलेली नसते. ती माहिती आज ऐंशीच्या घरात असलेल्या माणसांच्या तोंडी आहे. मंडळाने यंदा गावागावांतून ती लिहून घ्यावी. पुढच्या वर्षी कोणा शाळेचा पट कमी झाला म्हणून ती बंद करण्याचा कागद आला, तर त्या शाळेने किती माणसे घडवली हे सांगायला आपल्याजवळ ती वही असेल. आपल्या घरी कोणी मास्तर उतरत असत, ते ज्यांना आठवते, त्यांनी आजच सभा संपल्यावर आपले नाव आणि गाव चिटणिसांकडे द्यावे, ही विनंती करून मी थांबतो.